उरलेले सातशे ग्रॅम : डोंगरावर न्यायच्या सेटची एक निवड

रात्री साडेदहाला मित्राचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ प्रश्न: "पाच वॉटवर भागतं का रे?"

असल्या प्रश्नाला मी हल्ली लगेच उत्तर देत नाही. कशासाठी म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की गृहस्थाला डोंगरावर न्यायला हॅम रेडिओचा एक ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकायचा-बोलायचा एकत्र सेट, घ्यायचाय, पाच मॉडेलांची नावं त्याने कागदावर उतरवलीत आणि आठवडाभर तो कागद टेबलावर तसाच पडलाय. पुढचे तीन महिने त्या कागदाचं आम्ही काय काय केलं ते इथे सविस्तर लिहितोय. कारण साधं आहे: या प्रश्नाचे माझ्याकडे वर्षाला चार-पाच फोन येतात आणि प्रत्येक जण सुरुवात वॉटपासूनच, म्हणजे सेट किती ताकदीने सिग्नल सोडतो तिथूनच, करतो.

माणूस

परवाना जुना, पंधरा वर्षांचा. घरी शंभर वॉटचा सेट, गच्चीवर तारेचा डायपोल अँटेना. पण गेल्या काही वर्षांत आजूबाजूचा विजेचा गोंगाट इतका वाढला की ४० मीटर बँडवर (रेडिओ लहरींचा पट्टा, नाव तरंगलांबीवरून) एकही स्टेशन नसताना सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर एस-७ वर टेकलेला असतो. एलईडी दिवे, चार्जर, सौर पॅनेलांचे इन्व्हर्टर. नावं तरी कुणाकुणाला ठेवणार? वस्तीपासून लांब, उंचावर तोच मीटर एस-१, एस-२ दाखवतो. पाच युनिटांचा फरक. एका युनिटाचे ६ डेसिबल धरले तर ३० डेसिबल, म्हणजे हजार पट. त्याला मुळात ऐकायला जायचं होतं, आणि कागदावर मात्र त्याने फक्त बोलण्याचे आकडे लिहिले होते.

बाकी अटी अशा. डावा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे पाण्यासकट पाठीवर सहा किलोंपेक्षा जास्त नको. हा आकडा त्याचा स्वतःचा, दोन-तीन पदभ्रमणांत भोगून काढलेला. दोन तास चढ, वर तीन-चार तास, अंधाराच्या आत खाली. आवड एसएसबीवर, म्हणजे तोंडाने बोलून आवाज पाठवायच्या पद्धतीवर, बोलायची. मोर्स कधीकाळी शिकला होता, आता मिनिटाला आठ-दहा शब्दांवर गाडी अडते. आणि 'समिट्स ऑन द एअर'मध्ये, म्हणजे शिखरांवरून रेडिओ संपर्क साधायच्या उपक्रमात, उतरायची हौस. २ मार्च २००२ ला सुरू झालेल्या या उपक्रमात शिखराचे गुण मिळायला चार वेगवेगळ्या स्टेशनांशी संपर्क लागतो. गाडीत बसून किंवा गाडीच्या बॅटरीवर चालत नाही. सगळं सामान स्वतः वर न्यायचं. त्या कागदावरच्या दोन नावांचा निकाल या शेवटच्या नियमानेच लावला, पण ते पुढे.

कागदावर होतं ते असं: येसूचा एफटी-८१८, आयकॉमचा आयसी-७०५, एलेक्राफ्टचा केएक्स२, शिगूचा जी९०, आणि तळाला लाल शाईत येसूचा एफटी-८९१. लाल शाई कशाला, विचारलं. म्हणाला, "तो शंभर वॉटचा आहे. मनाची तयारी झाली तर."

वॉटचं भूत

सेट घ्यायच्या आधी त्याच्याकडून एकच गोष्ट करवून घेतली. घरच्या सेटची ताकद दोन रविवार कमी करून ठेवायची. बहुतेक घरगुती सेट ५ वॉटपर्यंत खाली येतात, त्यामुळे हा प्रयोग फुकटात होतो, आणि तरीही फार थोडे लोक तो करतात.

हिशेब आधी सांगतो. १०० वॉटवरून १० वर आलात की १० डेसिबल गेले, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर दोन युनिटांपेक्षा कमी. १० वरून ५ वर आलात की ३ डेसिबल, अर्धं युनिट. कागदावर हे फार किरकोळ वाटतं.

पहिल्या रविवारी २० मीटरवर त्याने अर्धा अर्धा तास सीक्यू दिला, म्हणजे 'कुणीही उत्तर द्या' अशी हाक मारली. १०० वॉटवर सहा जण आले. १० वर दोघे. ५ वर चिटपाखरू नाही. फोनवर आवाज पडलेला. पण लगेच दुसरा प्रयोग केला: स्वतः बोलवायचं नाही, जे जोरात ऐकू येताहेत त्यांना उत्तर द्यायचं. ५ वॉटवर दहापैकी सात जणांनी त्याचं कॉलसाइन, म्हणजे परवान्याचं ओळखनाव, घेतलं. ताकद तीच, अँटेनाही तीच. फरक एवढाच की बँडवर डायल फिरवणारा माणूस ठळक आवाजापाशी थांबतो; पुसट आवाजावरून तो पुढे जातो, भले तो आवाज वाचण्याजोगा का असेना. कमी ताकदीच्या सीक्यूचं दुखणं हे आहे. त्यावर उतारा असा की आपण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहोत हे आधीच लोकांना कळवायचं, आपल्या भाषेत 'स्पॉट' टाकायचा. मग शोधणारेच कान लावून बसतात.

दुसऱ्या रविवारी मोर्स. ५ वॉटवर तीनदा सीक्यू दिला आणि रिव्हर्स बीकन नेटवर्क उघडून बसला. या जाळ्यातले रिसीव्हर मोर्स आपोआप वाचून कुणाला कोण किती डेसिबलवर ऐकू आलं ते इंटरनेटवर टाकत असतात. मिनिटभरात बारा ठिकाणी त्याचं कॉलसाइन उमटलं. जादू काही नाही. एसएसबीला साधारण २,४०० हर्ट्झची खिडकी लागते, मोर्सला ५०० चा फिल्टर पुरतो. खिडकी जितकी अरुंद तितका गोंगाट कमी आत येतो. एवढ्यानेच जवळजवळ ७ डेसिबल हाती लागतात. म्हणजे मोर्सचे ५ वॉट एसएसबीच्या पंचवीसेक वॉटांच्या तोडीचे.

"म्हणजे मोर्स शिकू?" तो म्हणाला. "शीक," मी म्हटलं, "पण सेट घेताना तू शिकलेला नाहीस असं धर." माणसं पुढे कधीतरी अंगी येणार असलेल्या गुणांच्या भरवशावर उपकरणं घेतात. माझ्याही कपाटात तसली दोन आहेत.

या दोन रविवारांतून एक ठरलं: एसएसबीसाठी १० वॉट हवेत, ५ वर तो वैतागून सोडून देईल. आणि १०० साठी जीव टाकण्याची गरज नाही. एफटी-८१८ बाहेरच्या वीजपुरवठ्यावर ६ वॉट देतो, शिवाय २०२२ च्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबलं, म्हणजे आता तो हातफेरीनेच मिळणार. तरी त्याचं नाव मी लगेच खोडलं नाही. २००० च्या सुमारास आलेल्या एफटी-८१७ पासूनच्या या घराण्याने दोन दशकं लोकांना डोंगरावर नेलंय, आणि एचएफपासून, म्हणजे लांब पल्ल्याच्या बँडांपासून, ७० सेंटिमीटरपर्यंत सगळं आतल्या बॅटरीवर चालणाऱ्या एवढ्या छोट्या पेटीत देणं तेव्हा कुणाला जमत नव्हतं.

स्टॉपवॉच

आता बॅटरी. मित्राचं म्हणणं, मोठी बॅटरी घेऊ, विषय संपला. मी म्हटलं, आधी मोजू.

एका ओळखीच्यांकडून छोटा सेट उसना घेतला, जवळच्या टेकाडावर तीन तास बसलो. तो बोलत होता आणि मी शेजारी स्टॉपवॉच घेऊन. माइकचं बटण दाबलं की घड्याळ चालू, सोडलं की बंद. लहान मुलांचा खेळ वाटतो, वाटू दे. तीन तासांत बटण दाबलं गेलं एकूण १७ मिनिटं ४० सेकंद. सरळ दहा टक्के. उरलेले नव्वद टक्के वेळ सेट नुसता ऐकत होता, म्हणजे ऐकण्याचा करंट खात होता.

प्रत्येक सेटच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. चार तासांच्या मुक्कामात ३.६ तास ऐकणं आणि ०.४ तास बोलणं धरून आम्ही पाचही सेटांचा हिशेब मांडला. एसएसबीत बोलताना सेट सतत पूर्ण करंट ओढत नाही, दोन शब्दांच्या फटीत तो खाली येतो, म्हणून बोलण्याचा करंट निम्मा धरला.

केएक्स२ ऐकताना सुमारे १३५ मिलिअँपिअर घेतो. ३.६ तासांत अर्धा अँपिअर-तास. बोलण्याचे ०.४ धरून सगळं मिळून एकाच्या आत. एफटी-८१८ ऐकताना ४५० मिलिअँपिअर, म्हणजे ऐकण्यातच १.६ गेले; बोलण्यात अर्धा. आयसी-७०५ अर्ध्या अँपिअरच्या आत राहतो, एकूण सव्वादोन-अडीच. जी९० चा ऐकण्याचा आकडा अर्धा अँपिअरच, पण २० वॉट टाकताना तो ८ अँपिअरपर्यंत ओढू शकतो. एकूण साडेतीनच्या घरात. आणि लाल शाईतला एफटी-८९१: ऐकताना माहितीपत्रकाप्रमाणे २ अँपिअर, बोलताना २३. प्रत्यक्षात ऐकताना निम्मा धरला तरी चार तासांत आठ अँपिअर-तास, माहितीपत्रकाचा शब्द धरला तर बारा. वर २३ अँपिअरचा झटका बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटला सोसायला हवा. नाही सोसला तर बोलायला तोंड उघडलं की सेट मान टाकतो.

बॅटरी म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट घेणार हे धरूनच चाललो होतो. चार सेलांची मिळून १२.८ व्होल्ट आणि रिकामी होत येईपर्यंत व्होल्टेज बऱ्यापैकी सपाट. शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज जसजसं उतरतं तसतसा सेटचा आवाज फाटू लागतो, आणि वजन तर विचारू नका.

वाळू

इथवर सगळं कागदी होतं. पुढच्या शनिवारी सकाळी तो घरी आला तेव्हा माझ्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली वाळू तयार होती.

सेट सोडून जे जे वर जाणार ते आधी काट्यावर ठेवलं. पाठपिशवी रिकामी, १ किलो. पाणी २ लिटर, २ किलो. पावसाचं जाकीट ३०० ग्रॅम. सहा मीटरचा फायबरग्लासचा घडीचा खांब, ९००. तार आणि तिचा ट्रान्सफॉर्मर, २००. पाच मीटर पातळ कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, १५०. खांब बांधायच्या दोऱ्या नि पट्टे, २००. वही, पेन्सिली, हेडफोन, २००. माइक १००. त्याचा जुना हँडी, म्हणजे हातात धरायचा, जवळच्या पल्ल्याच्या व्हीएचएफ-यूएचएफ बँडांचा सेट, २५०.

बेरीज ५.३ किलो.

तो काट्याकडे बघत राहिला. सहा किलोंची मर्यादा त्याचीच. पाच सेटांच्या वजनांवर आठवडाभर डोकं लावलं होतं आणि सेट व बॅटरी दोन्हींसाठी मिळून उरले होते सातशे ग्रॅम.

जी९० स्वतःच १.६ किलोचा, वर बॅटरी पाऊण किलो. एफटी-८९१ १.९ किलोचा, त्याची बारा अँपिअर-तासांची बॅटरी दीड किलोच्या आसपास. त्या वजनाच्या वाळूच्या पुड्या करून पिशवीत टाकल्या आणि त्याला गच्चीपर्यंतचे जिने चारदा चढ-उतर करायला लावले. तिसऱ्या खेपेला तो कठड्याला धरून उतरत होता. लाल शाई तिथेच खोडली गेली, माझ्याकडून एक शब्दही न जाता. जी९० पण गेला, आणि त्याचं मला थोडं वाईट वाटलं. आतमध्ये अँटेना सेटशी जुळवून देणारा दमदार ट्यूनर, २० वॉट, समोर छोटा पण कामाचा पडदा. ज्याची चढण अर्ध्या तासाची आणि गुडघे शाबूत त्याला मी डोळे झाकून तोच सुचवतो.

"पाणी दीड लिटर नेतो," तो म्हणाला. पाण्याला हात लावायचा नाही, एवढीच एक गोष्ट मी आवाज चढवून सांगितली.

मग हँडीकडे वळलो. अडीचशे ग्रॅम, तो काढला तर? आयसी-७०५ किंवा एफटी-८१८ घेतला तर व्हीएचएफचा २ मीटर बँड त्यातच आहे, हँडी घरी राहील. हा मुद्दा त्याचा, आणि बिनतोड वाटला. पण हँडीचं काम वाटेतही असतं. चढताना सोबत्यांशी बोलायला, पाय मुरगळला तर रिपीटरवर, म्हणजे आपला सिग्नल पुढे पोचवणाऱ्या स्टेशनवर, हाक मारायला. त्यासाठी पिशवी उघडा, किलोचा सेट काढा, अँटेना लावा, हे कोण करणार? हँडी खांद्याच्या पट्ट्यालाच राहणार असं ठरलं. आणि ते ठरताक्षणी या दोन सेटांची सगळ्यात मोठी जमेची बाजू, व्हीएचएफ-यूएचएफ, त्याच्यापुरती निकामी झाली. जे आधीच खांद्यावर आहे ते पुन्हा पाठीवर कशाला? सेट चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. २ मीटरवर एसएसबीने लांबचं बोलणाऱ्याचा हिशेब इथे उलटा लागेल.

ट्यूनर, तार आणि थोडी कुरकुर

या टप्प्यावर कागदावर एक नवं नाव आलं, लॅब५९९ चा टीएक्स-५००. साडेपाचशे ग्रॅम, १० वॉट, ऐकताना शंभरेक मिलिअँपिअर, आणि पावसाला न घाबरणारी धातूची पेटी. बॅटरी वेगळी, ट्यूनर नाही. केएक्स२ ची पेटी रिकामी धरली तर ३७० ग्रॅम, आतली २.६ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ट्यूनरची पाटी बसवून सहाशेच्या आतबाहेर. टीएक्स-५०० ला बॅटरी जोडली की साडेनऊशे. निदान वजनाच्या हिशेबात शर्यत या दोघांत उरली.

ट्यूनर हवा की नको यावरून आमचं अर्धा दिवस वाजलं. माझं मत जुनं आहे: ट्यूनर सेटची समजूत काढतो, तारेची नाही. तार चुकीच्या लांबीची असेल तर ट्यूनर सेटला ५० ओहम दाखवतो खरा, पण पलीकडे कोॲक्समध्ये जे वाया जायचं ते जातच राहतं, आणि पातळ कोॲक्समध्ये जास्तच. त्यापेक्षा तार नीट कापावी. अर्ध्या तरंगलांबीसाठी १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागायचं, मीटर मिळतात. ७.१ साठी २०.०७ मीटर. अर्धा मीटर जास्त कापून, जागेवर टांगून, मोजत मोजत छाटायची. आखूड कापली तर जोड लावून डाग देत बसा.

त्याने तशीच एका टोकाने जोडायची तार केली. अर्ध्या तरंगलांबीच्या टोकाशी रोध काही हजार ओहम असतो; ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर तो पन्नासच्या जवळ आणतो. ४० मीटरसाठी कापलेली हीच तार २०, १५ आणि १० मीटरवरही चालते, कारण तिथे तिच्यात दोन, तीन, चार अर्धे तरंग बसतात. मग ट्यूनर कशाला? त्याचं उत्तर मला खाली पाडून गेलं: "वर वारा असेल, खांब वाकेल, तार कुठल्यातरी झुडपाला टेकेल. तू छाटत बसशील, मला बोलायचंय." आणि खरंच, घराच्या गच्चीवर १.३ एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचा आकडा, १ सगळ्यात चांगला) दाखवणारी ती तार टेकाडावर गवताच्या फूटभर वर आली तेव्हा एसडब्ल्यूआर २.८ झाला. उंच केली की खाली आला, पण दर वेळी उंच करता येईलच असं नाही. ट्यूनरच्या पाटीचं वजन नगण्य. घेतली.

हात, डोळे, ऊन

निवडीतला हा भाग कुठल्याही तक्त्यात नसतो. दोघा वेगवेगळ्या लोकांकडून आयसी-७०५ आणि केएक्स२ तासभर हाताळायला मिळाले, भर दुपारी, मुद्दाम उघड्यावर.

आयसी-७०५ चा स्पर्शपडदा उन्हात अंग फिरवून, हाताची सावली करून वाचावा लागला. तरी वाचता आला. त्यावर वॉटरफॉल दिसतो, म्हणजे बँडवर कुठे कुठे कोण बोलतंय ते वरून खाली वाहणाऱ्या रेघांत. मी याला इतकी वर्षं खेळणं समजत होतो. त्या तासात माझं मत बदललं. मित्राने पडद्याकडे बघितलं, बोट ठेवलं, स्टेशन मिळालं. बोट ठेवलं, मिळालं. माझा अंगठा मात्र अजून डायलवर. ज्याला वर मोजून तीन तास मिळणार आहेत त्याच्यासाठी ही सोय छोटी नाही. २०२० साली हा सेट आला तेव्हा लोक एवढे का हरखले ते मला फार उशिरा उमगलं.

केएक्स२ मध्ये असा पडदा नाही. साधी एलसीडी, जी उन्हात जास्तच छान दिसते. बटणांना दोन-दोन कामं, एक टिचकी मारून, एक दाबून धरून. पहिली दहा मिनिटं त्याने दर वेळी नको तेच केलं. मग घडीच्या खुर्चीत बसून त्याने सेट मांडीवर ठेवला, वही गुडघ्यावर, आणि एकदम गप्प झाला. सेटची नियंत्रणं वरच्या अंगाला आहेत, समोरच्या नाहीत. मांडीवर ठेवून वापरायचा म्हणून केलेला सेट आणि टेबलावरचा लहान केलेला सेट यातला फरक त्या एका बैठकीत कळला.

टीएक्स-५०० हाताळायला मिळाला नाही. हात न लावलेला सेट घ्यायचा नाही, असं तो म्हणाला. मी काही बोललो नाही; पावसाळी डोंगरांसाठी मी उलटा सल्ला दिला असता.

वॉटरफॉलपायी जवळजवळ निर्णय फिरला होता. दोन दिवस तो आयसी-७०५ च्या बाजूने बोलत राहिला. शेवटी पुन्हा काटा: १.१ किलो, आणि सोबत मिळणाऱ्या बॅटरीवर तो ५ वॉटच देतो, १० साठी बाहेरची बॅटरी हवीच. म्हणजे दीड किलो. सातशेत बसत नाही. केएक्स२ घेतला.

पहिलं शिखर

आता माझी चूक.

पहिल्या मोहिमेला मी बरोबर होतो, स्टॉपवॉच सवयीने खिशात. वर पोचून खांब बांधला, तार उतरती सोडली, २० मीटरवर एसडब्ल्यूआर १.५, ट्यूनरने १.१ केला. स्पॉट टाकला. पुढची दोन मिनिटं शांतता, आणि मग एकाच वेळी सहा-सात आवाज एकमेकांवर कोसळले. त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कॉलसाइनसाठी लोकांची झुंबड ऐकली. चार संपर्क अकरा मिनिटांत झाले. खाली उतरायची भाषा कुणी काढली नाही.

पावणेतीन तासांनी घड्याळ पाहिलं. बटण दाबलेलं ५८ मिनिटं. पस्तीस टक्के!

टेकाडावर आम्ही मोजलं होतं ते दुसऱ्यांना शोधणाऱ्याचं बोलणं: ऐक, ऐक, ऐक, मग एकदा हाक मार. शिखरावर बसलेला माणूस उलटा असतो. बोलावतो तोच, नाव घेतो तोच, रिपोर्ट देतो, धन्यवाद म्हणतो, पुन्हा बोलावतो. त्याचं बोलणं तिपटीने जास्त, आणि मी त्याच्या बॅटरीचा सगळा हिशेब भलत्याच माणसाच्या सवयीवर मांडला होता. घरी येऊन आकडे नव्याने घातले. केएक्स२: ऐकण्यात ०.२४, बोलण्यात एकाच्या आसपास, मिळून १.२ अँपिअर-तास, आतली बॅटरी निम्म्याने शिल्लक. एफटी-८१८ असता तर ऐकण्यात ०.८ आणि बोलण्यात १.३. म्हणजे 'ऐकण्याचा करंट बघ, बोलण्याचा विसर' हा माझा लाडका उपदेश या माणसाला लागूच नव्हता. जी९० पाचच्या जवळ गेला असता आणि सोबत मोठी बॅटरी लागली असती, त्यामुळे क्रम काही बदलला नाही. गणिताचे मास्तर म्हणायचे तसं, उत्तर बरोबर आणि रीत चुकीची. अर्धे गुण.

अजून एक गोष्ट त्या दिवशी दिसली. एवढ्या बोलण्याने आणि वरून तळपणाऱ्या उन्हाने सेटची पेटी चांगलीच तापली. लहान पेटीला उष्णता टाकायला जागा कमी, हे पदार्थविज्ञान कुणालाच चुकलेलं नाही. लहान सेट मिळतो त्याची ही किंमत. टोपी काढून सेटवर सावली धरली. एसएसबीत हे निभावतं. एफटी८ सारख्या डिजिटल पद्धतीत आपल्या पाळीच्या १५ सेकंदांच्या फेरीत जवळजवळ १३ सेकंद सेट पूर्ण ताकदीने चालू राहतो, तिथे १० वॉटचा सेट ५ वर किंवा त्याखाली आणावा.

परतताना पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली होती, पाणी संपल्यावर. ३.९ किलो. गुडघ्याबद्दल तो काही बोलला नाही, याचा अर्थ मी बरा असा घेतला.

त्यानंतर चार शिखरं झाली. खांब बदलला, नवा दोनशे ग्रॅमने हलका. त्या दोनशेत त्याने लगेच मोर्सची छोटी की आणि सेटवर धरायला घडीची छत्री कोंबली. मोर्सचा वेग बारावर आलाय. वॉटरफॉल मात्र तो विसरलेला नाही. मागच्या आठवड्यात विचारत होता की, दोन लिटरऐवजी वाटेतल्या झऱ्याचं पाणी गाळून घेतलं तर किती ग्रॅम सुटतील. कशासाठी सुटायला हवेत ते मी विचारलं नाही.